पॉलिशच्या आधी रंगाला चिकटलेली घाण कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला आणि दसरा जवळ आला की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे मेसेज येऊ लागतात. गाडीला रबिंग-पॉलिश करायचं आहे, त्याआधी काय करू? उत्तरं परत परत टाइप करण्यापेक्षा इथे एका जागी लिहून ठेवतोय. मी पुण्यात डीटेलिंगचं, म्हणजे गाड्यांच्या बारकाईने साफसफाईचं आणि पॉलिशचं काम करतो. खालचं सगळं हाताने केलेल्या कामातून आलेलं आहे. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत, फक्त थोडे नीटनेटके केले आहेत.

१. गाडी धुतली, शॅम्पू केला, पुसली. तरी बोनेटवर हात फिरवला की खरखर लागते. हे नक्की काय असतं?

धुतल्यावर जाते ती धूळ आणि चिखल. जी जात नाही ती रंगाला चिकटलेली किंवा रंगात रुतलेली घाण. आपल्याकडे ती मुख्यतः चार-पाच प्रकारची असते: ब्रेकमधून आणि रेल्वेरुळांवरून उडणारे लोखंडाचे बारीक कण, रस्त्याचं डांबर, झाडांचा चीक, बांधकामावरचं सिमेंट किंवा रंगाचे शिंतोडे, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार.

यात लोखंड सगळ्यात चिवट. ब्रेक लागताना सुटणारा कण गरम असतो. तो क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर बसतो, पावसाचं पाणी लागलं की गंजतो, आणि गंजताना फुगून आणखी घट्ट होतो. पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर किंवा डिकीवर मोहरीपेक्षा बारीक तांबूस ठिपके दिसतात ना, ते हेच. लोकांना वाटतं पत्रा गंजतोय. बहुतेक वेळा पत्र्याला काहीही झालेलं नसतं.

२. माझ्या हाताला काहीच जाणवत नाही. मग घाण नाही असं समजू का?

हात ओला किंवा राठ असेल तर जाणवत नाही. भाजीवाल्याकडची पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि धुतलेल्या, स्वच्छ पत्र्यावर बोटांची टोकं अलगद फिरवा. पिशवीमुळे बोटाचं आणि रंगाचं घर्षण कमी होतं, त्यामुळे एरवी न कळणारा बारीक खडाही ठळक जाणवतो. रव्यावर हात फिरवल्यासारखं वाटलं तर काम बाकी आहे. पण आधी गाडी नीट धुवा. धुळीवर पिशवी फिरवली तर धूळच घासली जाईल.

तपासताना बोनेट, टप, डिकीचं झाकण आणि दारांचा खालचा एक फूट, एवढ्या जागा वेगवेगळ्या पाहा. प्रत्येक ठिकाणची घाण वेगळी असते.

३. मशीनने पॉलिश करणारच आहे, ते सगळं काढेलच की. वेगळी मेहनत कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पॉलिशचा पॅड फिरताना रुतलेला कण उपटला गेला तर तो पॅडमध्येच अडकतो आणि मग त्याच पॅडसोबत रंगावर गोल गोल फिरतो. ओरखडे काढायला घेतलेलं मशीन नवे ओरखडे पाडत जातं. कण उपटला गेला नाही तर पॅड त्याच्यावरून जाऊन नुसती त्याची टोकं चकाकवतो. डांबर असेल तर ते पॅडवर पसरतं आणि पॅड वाया जातो.

दुसरं म्हणजे, कारखान्यातून आलेल्या गाडीचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो. डोक्याच्या केसाची जाडीसुद्धा बहुतेकदा याहून जास्त असते. पॉलिशच्या प्रत्येक फेरीत त्यातला थोडासा कायमचा जातो. जी घाण रसायनाने विरघळते, तिच्यासाठी हा थर खर्च करणं मला पटत नाही. तो परत भरून येत नाही.

४. मग क्रम काय ठेवायचा?

आधी नुसत्या पाण्याने भरपूर धुवा, मग शॅम्पू. त्यानंतर डांबर, त्यानंतर लोखंड, मग पुन्हा एकदा धुणं, आणि सगळ्यात शेवटी क्ले (चिकटलेली घाण घासून काढणारी मऊ वडी, प्रश्न ८ पाहा). क्लेनंतर परत धुऊन, पुसून पॉलिश.

डांबर आधी की लोखंड आधी यावर डीटेलिंगवाल्यांमध्ये दोन मतं आहेत. मी डांबर आधी काढतो, कारण दारांच्या खालच्या भागात डांबराच्या ठिपक्याखाली लोखंडाचे कण दडलेले असतात आणि लोखंडाचं रसायन पाण्यातलं असल्याने डांबरातून आत जात नाही. उलट क्रमाने केलं तर काही बिघडत नाही, फक्त काही कण राहून जातात.

क्ले शेवटी, हे मात्र नक्की. क्ले घासतो. रसायनाने जेवढं निघेल तेवढं आधी काढलं की क्लेला घासायला कमी उरतं.

५. डांबर काढायला रॉकेल, डिझेल, पेट्रोल चालतं का? आमचे ड्रायव्हरकाका डिझेलचा बोळाच मारतात.

डांबर सुटतं हे खरं. पण डिझेल आणि रॉकेल मागे तेलकट थर सोडतात. त्यावर धूळ बसते, आणि नीट धुतलं नाही तर पुढे क्लेही बुळबुळतो आणि पॉलिशही पत्र्याला लागत नाही. पेट्रोलला मी सरळ नाही म्हणतो. पार्किंगमध्ये उघडं पेट्रोल आणि चार पावलांवर कुणीतरी विडी ओढतोय, हे मी पाहिलेलं आहे.

डांबरासाठी मिळणारा टार रिमूव्हर घ्या. गाडी कोरडी आणि पत्रा थंड असताना ठिपक्यावर मारा. मिनिटभरात डांबराच्या कडेने तपकिरी ओघळ सुटायला लागतात, तो क्षण बघण्यासारखा असतो. मग फडका न रगडता वरून खाली एकदाच पुसून घ्या, फडक्याची बाजू बदला, पुढच्या ठिपक्याकडे जा. नंतर शॅम्पूने धुतलंच पाहिजे. रबरी बीडिंगवर आणि काळ्या प्लास्टिकवर तो साचू देऊ नका. नव्याने रंगवलेल्या भागासाठी प्रश्न १७ आधी वाचा.

६. आयर्न रिमूव्हर (लोखंड काढायचं रसायन) मारला आणि गाडीवरून जांभळं पाणी वाहायला लागलं. रंग उतरतोय का?

नाही. यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. ते लोखंडाशी संयोग पावतं आणि त्या संयुगाचा रंग जांभळट-लाल असतो. जिथे जांभळा ओघळ, तिथे लोखंड होतं आणि आता ते पाण्यात विरघळून निघतंय. केस कुरळे करायच्या लोशनमध्ये आणि केस काढायच्या क्रीममध्ये याच कुळातलं रसायन असतं, म्हणून वासही तसाच उग्र, सडक्या अंड्याच्या अंगाने जाणारा येतो.

सावलीत, थंड पत्र्यावर मारा. ३ ते ५ मिनिटं थांबा, पण सुकू देऊ नका. सुकला तर डाग पडतात आणि ते काढणं नवं काम होऊन बसतं. म्हणून एका वेळी अर्धी गाडीच घ्या. दारांच्या फटी, नंबरप्लेटच्या मागे, आरशाखाली भरपूर पाणी मारून धुवा. हातमोजे घाला, कारण त्वचेला याची ऍलर्जी येऊ शकते. बंद बेसमेंटमध्ये करू नका.

७. माझ्या गाडीवर जांभळं काहीच झालं नाही. बाटली बनावट आहे का?

गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर जांभळं दिसतच नाही. पांढरा फडका लावून बघा. तरीही रंग नाही आला तर पुढच्या चाकाच्या रिमवर थोडं मारा. तिथे ब्रेकची धूळ हमखास असते. रिमवर जांभळं झालं आणि दारावर झालं नाही, तर दारावर लोखंड नाही. आनंदाची गोष्ट आहे.

८. क्ले बार म्हणजे माती का? आमच्याकडची शाडू चालेल?

शाडू अजिबात नको. नाव क्ले असलं तरी ही कृत्रिम, कणकेसारखी मऊ वडी असते आणि तिच्यात घासणारे अतिशय बारीक कण मळलेले असतात. ही कल्पना जपानमधून आली. तादाओ कोदाते यांच्या नावावर तिचं १९९५ सालचं अमेरिकन पेटंट आहे. त्या पेटंटचं शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘लवचिक घासदगड’ असं होईल. क्ले घासतो, हे त्या शीर्षकातच आलं. दुकानात मऊ, मध्यम आणि कडक असे प्रकार मिळतात. घरच्या कामाला मऊच घ्या. मध्यम क्ले मी फक्त रंगाच्या शिंतोड्यांसाठी काढतो, आणि कडक क्ले घरी वापरू नका असंच सांगेन.

९. क्ले कसा फिरवायचा, सविस्तर सांगा ना.

१०० ग्रॅमच्या वडीतला अर्धाच तुकडा घ्या, बाकीचा डब्यात. थंडीचे दिवस असतील तर तो कोमट पाण्यात दोन मिनिटं टाका, म्हणजे मळता येईल. पुरीच्या लाटीसारखा चपटा करा, तीन बोटं मावतील एवढा.

साधारण दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या. पत्रा क्ले ल्युबने (क्ले घसरावा म्हणून मारायच्या बुळबुळीत द्रवाने) भिजवा आणि क्लेवरही मारा. कंजूषी इथे करू नका. बोटांनी दाबायचं नाही, नुसता हात ठेवायचा. सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, गोल नाही. चुकून एखादी रेघ उमटलीच तर सरळ रेघ नजरेला कमी खुपते आणि पॉलिशला लवकर जाते.

आता आवाज ऐका. सुरुवातीला हलकी खर्र-खर्र येते आणि हाताला अडकल्यासारखं वाटतं. आठ-दहा फेऱ्यांत ती खरखर विरत जाते, मग आवाज बंद होतो आणि क्ले साबणाच्या वडीसारखा नुसता घसरायला लागतो. तिथे थांबा. पुढे घासून मिळणार काही नाही. मी हे काम करताना गाणीसुद्धा लावत नाही, कारण अर्धं काम कानाने होतं.

क्ले उलटा करून पाहा. पिवळट-तपकिरी किंवा काळी रेघ दिसेल. तो भाग आत घडी करून परत मळा आणि स्वच्छ बाजू वर आणा. प्रत्येक चौकोनानंतर हे करायचंच. घडी घालूनही स्वच्छ बाजू मिळत नाही असं झालं की तो तुकडा संपला, दुसरा घ्या. क्रम टप, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि अगदी शेवटी दारांचा खालचा भाग आणि बंपर. सगळ्यात मळलेली जागा सगळ्यात शेवटी.

१०. क्ले जमिनीवर पडला. धुऊन वापरू?

नाही. फेकून द्या. मऊ वडीत रेतीचा कण रुतला की तो धुऊन निघत नाही, आणि दिसतही नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा तुकडा पडल्यावर वरवर पुसून पुढे काम केलं होतं. गडद निळी गाडी होती, बोनेटवर वीतभर लांबीचे चार समांतर ओरखडे आले. ते काढायला मला अख्खा दिवस गेला आणि मालकाच्या रंगाचा थर गेला तो गेलाच. म्हणूनच अर्धी वडी डब्यात ठेवायला सांगितली.

११. क्ले मिट किंवा क्ले टॉवेल घेतला तर चालेल?

चालेल, मोठ्या गाड्यांना सोयीचा पडतो. एका बाजूला रबरासारखा थर असतो. खाली पडला तर धुता येतो, हा मोठा फायदा. तोटा असा की तळहाताचा दाब नकळत जास्त पडतो आणि घाण कुठे साठली ते वडीसारखं कळत नाही. नवा मिट आधी काचेवर दोन-चार मिनिटं फिरवून मग पत्र्याला लावा, सुरुवातीचा कडकपणा जातो.

१२. क्ले ल्युब महाग आहे. शॅम्पूचं पाणी किंवा भांड्यांचा साबण चालेल का?

गाडीचा शॅम्पू पाण्यात थोडा दाट कालवून चालतो, पण काही वड्या साबणाच्या पाण्यात चिकट होऊन पत्र्यावर पुसट थर सोडतात. आधी एका कोपऱ्यात बघा. भांड्यांचा साबण नको. तो तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेला असतो, आणि इथे आपल्याला बुळबुळीतपणा हवा आहे. नुसतं पाणी तर मुळीच नको, क्ले जागच्या जागी अडकतो.

१३. क्ले केल्यावर उन्हात बारीक रेघा दिसायला लागल्या. माझं काही चुकलं का?

थोडं धूसर होणं आणि बारीक रेघा येणं हे क्लेबरोबर येतंच, विशेषतः काळ्या गाडीवर आणि मऊ रंगावर. म्हणूनच क्लेनंतर पॉलिश. हलक्या पॉलिशच्या एका फेरीत त्या रेघा जातात. ज्यांना पॉलिश करायचंच नाही त्यांना मी सांगतो, डांबर आणि लोखंड रसायनाने काढा आणि क्ले सोडून द्या. जरा खरखर राहिली तरी चालेल.

रेघा नखाला लागत असतील तर मात्र कण फिरला आहे. कुठे गडबड झाली असेल ते प्रश्न ९ आणि १० मध्ये सापडेल.

१४. बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग क्लेने का जात नाहीत?

सोसायटीत रोज बोअरच्या पाण्याने पुसली जाणारी गाडी असेल तर हे डाग अटळ आहेत. थेंब सुकतो, पाणी उडून जातं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार गोल कड्यात उरतात. वरचा ताजा थर क्लेने थोडा कमी होतो, पण क्षार काढायला आम्ल हवं. पांढरं व्हिनेगर घ्या, तेवढंच आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी मिसळा, त्यात मऊ फडका भिजवून डागावर दोन-तीन मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. बाजारात वॉटर स्पॉट रिमूव्हरही मिळतो. टॉयलेट क्लीनर लावू नका. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ते क्रोमला, उघड्या धातूला खातं.

क्षार निघाल्यावरही गोल खळगा दिसत असेल तर तो क्लिअर कोटमध्ये कोरला गेला आहे. ते पॉलिशचं काम. पॉलिशनेही थोडाच कमी होत असेल तर मी तिथे थांबतो.

१५. दादा, गाडी आंब्याखाली उभी असते. मोहोराच्या दिवसांत सगळीकडे चिकट थेंब असतात आणि त्यावर काळं चढतं. शिवाय पक्षी आहेतच.

मोहोरावर तुडतुडे येतात, ते चिकट गोड स्राव टाकतात आणि त्या गोडाव्यावर काळी बुरशी धरते. ताजं असेल तर कोमट पाणी आणि शॅम्पू पुरे. पंधरा दिवस वाळलं असेल तर कोमट पाण्यात भिजवलेला फडका दहा मिनिटं ठेवून मऊ करा, राहिलेल्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात निम्मं करून लावा. चिकट थेंबांवर थेट क्ले फिरवलात तर क्लेच वाया जातो, चिक्कीसारखा होतो.

पक्ष्याची विष्ठा क्लेचा विषय नाही. ती उन्हात रंगाला कोरते. दिसली की लगेच पाण्याने भिजवून उचला, घासू नका. डाग खोल गेला असेल तर प्रश्न १४ चा शेवट वाचा.

१६. शेजारच्या इमारतीचं काम चालू आहे. सिमेंटचे थेंब आणि रंगाचे शिंतोडे पडलेत. नखाने काढू?

सिमेंट नखाने, ब्लेडने, कशानेही खरवडू नका. त्यात रेती असते. ओलं असेल तर तिथल्या तिथे पाण्याचा मारा करा. सिमेंट अल्कली असल्यामुळे जितका वेळ बसेल तितका रंग खाईल. वाळलेलं असेल तर व्हिनेगरचा फडका, पाच मिनिटं, धुणं, पुन्हा फडका. दहा वेळा करावं लागलं तरी धीर धरा. ते भुसभुशीत होऊन आपोआप सुटतं.

बाहेरच्या भिंतीच्या रंगाचे बारीक शिंतोडे क्लेने छान निघतात, क्ले मुळात अशाच कामाला उपयोगी. मोठे थेंब मात्र आधी टार रिमूव्हरने मऊ करून पाहा. थिनर लावू नका.

१७. एक दार नुकतंच डेंटिंग-पेंटिंग करून आणलंय. त्यावर क्ले करू का? आणि जुन्या गाडीवर करताना क्लेला गाडीचाच रंग लागला, ते का?

गॅरेजमध्ये मारलेला रंग कारखान्यासारख्या मोठ्या भट्टीत भाजलेला नसतो. वरून सुकला तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो. मी किमान दोन महिने थांबतो आणि तोपर्यंत नुसतं हलक्या शॅम्पूने धुतो. टार रिमूव्हर तर या काळात जवळही नेत नाही. खरखर नव्या रंगातच असेल तर बहुधा रंग मारताना धूळ बसलेली असते. ती रंगाच्या आत आहे, क्लेने निघणार नाही. ज्यांनी रंग मारला त्यांच्याकडेच परत न्या.

क्लेला गाडीचा रंग लागला तर बहुतेक त्या गाडीला किंवा त्या भागाला क्लिअर कोटच नाही, एकाच थराचा रंग आहे. जुन्या गाड्यांत हे नेहमीचं. घाबरू नका, वरचा मेलेला, पांढुरका झालेला थर निघतोय. दाब मात्र आणखी कमी करा.

१८. शोरूममधून काल आणलेली कोरी गाडी आहे. तिला कशाला हे सगळं?

बऱ्याचदा लागतं. गाडी कारखान्याच्या आवारात उभी राहते, ट्रेलरवर किंवा रेल्वेने प्रवास करते, मग यार्डात ऊन-पाऊस खाते. नव्या पांढऱ्या गाडीवर आयर्न रिमूव्हर मारून जांभळे ओघळ दाखवले की मालकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. पिशवीने तपासा, लोखंड निघालं तर रसायन मारा. खरखर उरली तरच क्ले, तोही मऊ.

१९. सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवलेला कडक संरक्षक थर) किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक फिल्म) आहे. क्ले चालेल?

कोटिंगवर क्ले फिरवला की कोटिंगही थोडं घासलं जातं. म्हणून आधी चांगला शॅम्पू, मग आयर्न रिमूव्हर, बस. पाणी पुन्हा मोत्यासारखं घरंगळायला लागलं तर कोटिंग शाबूत होतं, नुसतं घाणीने झाकलं होतं. कोटिंग काढून पॉलिशच करायचं असेल तर प्रश्न ४ चा क्रम आहेच.

पीपीएफवर मऊ क्ले आणि भरपूर ल्युब चालतं, पण फिल्मच्या कडांपासून बोटभर लांब राहा. कड उचलली गेली की त्यात धूळ शिरते आणि ती फिल्म बदलावी लागते.

२०. मॅट रंगाची गाडी?

क्ले नाही, पॉलिश नाही. घासलं की तेवढाच भाग चमकायला लागतो आणि तो परत मॅट करता येत नाही. मॅटसाठी असलेला शॅम्पू आणि मॅटला चालेल असं लिहिलेला आयर्न रिमूव्हर, एवढंच.

२१. काच, हेडलाइट, काळं प्लास्टिक यांवर?

समोरच्या काचेवर जरूर करा. वायपर फिरताना थरथरत असेल तर कित्येकदा क्लेनेच ते थांबतं. हेडलाइटवर चालतो, पण पिवळेपणा क्लेने जात नाही, तो प्लास्टिकचाच बदललेला थर असतो. दाणेदार काळ्या प्लास्टिकवर नको. क्लेचे तुकडे दाण्यांत अडकतात आणि ब्रशनेही निघत नाहीत.

२२. दसऱ्याच्या पूजेची हळद पांढऱ्या बोनेटवर राहिली. साबण लावला तर लाल झाली!

हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, चुन्याबरोबर कुंकू होतं तसंच. घाबरू नका, धुवा आणि गाडी दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो. क्ले लावायची गरज नाही. बोनेटवर स्वस्तिक काढायचंच असेल तर आधी मेणाचा एक हात मारून ठेवा, डाग धरणार नाही. कुंकवात आणि तांदळात मात्र बारीक खडे असतात, ते पुसू नका, पाण्यानेच वाहू द्या.

२३. वर्षातून किती वेळा करायचं?

रसायनं वर्षातून दोनदा, क्ले जास्तीत जास्त एकदा, आणि पॉलिश तर त्याहून कमी. दादर-ठाण्याला रुळांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांना आयर्न रिमूव्हर तीनदा लागू शकतो. कॅलेंडर बघून करू नका, पिशवी फिरवून ठरवा.

२४. आज शनिवारी क्ले केला, पॉलिश पुढच्या रविवारी. मध्ये गाडी चालवली तर?

क्लेनंतर रंगावर मेण, सीलंट (मेणासारखाच कृत्रिम संरक्षक थर) काहीच उरलेलं नसतं. आठवडाभरात नवं लोखंड, नवे डांबराचे थेंब उघड्या रंगावर बसणार. एकाच दिवशी करा. अगदीच शक्य नसेल तर साधं स्प्रे वॅक्स मारून ठेवा, आणि पॉलिशच्या दिवशी धुऊन, आयसोप्रोपिलने पुसून पिशवीने पुन्हा तपासा.

२५. घराशेजारी फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्राइंडरच्या ठिणग्या पडून गाडीवर आणि काचेवर शेकडो तांबूस ठिपके झालेत. क्लेने निघत नाहीत. काय करू?

हा सगळ्यात अवघड प्रकार, म्हणून शेवटी ठेवला. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे जळता लोखंडाचा कण. तो क्लिअर कोट वितळवून आत जाऊन बसतो, काचेतसुद्धा रुततो. ब्रेकच्या धुळीसारखा वरून चिकटलेला नसतो.

आयर्न रिमूव्हरच्या दोन-तीन फेऱ्या करा, प्रत्येक फेरीनंतर धुवा. ठिपक्याचा वर आलेला भाग विरघळतो, तांबूसपणा जातो. मग मऊ क्ले. काही ठिकाणी कण निघून सुईच्या टोकाएवढं छिद्र उरेल. काचेवर, आणि फक्त काचेवर, नवं ब्लेड साबणाच्या पाण्यात तिरपं धरून फिरवता येतं. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला हीटरच्या रेघा असतात, तिकडे ब्लेड नेऊ नका.

इथे पॉलिशवाला सांगेल की कंपाउंडने (जास्त घासणाऱ्या पॉलिशने) सगळं साफ करून देतो. छिद्राच्या तळापर्यंत रंग उतरवायचा म्हणजे क्लिअर कोट संपवणं. गेल्या वर्षी एका गृहस्थांची पांढरी गाडी अशीच आली होती, डावी बाजू पूर्ण भरलेली. जाडी मोजली, रसायनाने निघालं तेवढं काढलं, हलकी एक फेरी मारली आणि पस्तीस-चाळीस ठिपके तसेच सोडून त्यावर सीलंट चढवलं. गाडी आता दुकानाच्या विरुद्ध बाजूला, जिन्याच्या आडोशाला उभी करतात. परवा ते दाखवायला घेऊन आले होते, ठिपके वाढलेले नाहीत.